विंचवाच्या पुढचं वाक्य

केस विंचरत बसलेल्या मुलीसमोर भिंतीतून छिन्नी बाहेर आली, तर तिने काय करावं?

ती किंचाळली नाही, आणि त्याचं श्रेय तिच्या दातांत धरलेल्या दोन पिनांना द्यायला हवं. आधी आरशाशेजारी थोडी भुकटी गळली. मग नाण्याएवढा एक खपला टपकन टेबलावर पडला. मग ते पोलादी टोक आलं... आणि मागे सरलं. त्या भोकात आता एक डोळा होता. तपकिरी. पापण्या धुळीने पांढऱ्याफटक झालेल्या, आणि तिच्यापेक्षा दुप्पट घाबरलेला.

“मेलो,” डोळा म्हणाला.

तिने पिना काढल्या. “हे इथे नेहमी होतं का?”

“नाही हो! पहिल्यांदाच. म्हणजे — माझ्या हातून पहिल्यांदाच. हे बघा, तुम्ही ओरडू नका. मी येतो आणि सगळं साफ करून देतो.”

“येतो? इकडून?”

“दारातून येतो!” डोळा दुखावून म्हणाला आणि गायब झाला.

ती हसायलाच लागली. आत्याबरोबर प्रवासाला निघाल्यापासून इतकं मनमोकळं ती हसलीच नव्हती. निवृत्त झाल्या दिवशी आत्याने जाहीर केलं होतं, की आता मी जग बघणार आणि बॅगा उचलायला भाचीला नेणार. भाचीला विचारायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती. आणि पहिलंच ठिकाण आत्याने निवडलं ते हे — जिथे जमीनच वेड्यासारखी वागत होती. मैलोन् मैल उभे राहिलेले मऊ दगडाचे सुळके, कुणी बारीक, कुणी पोटाशी सुटलेले, आणि बहुतेकांच्या डोक्यावर काळ्या खडकाची एकेक चपटी टोपी. सकाळी ते गुलाबी दिसत, दुपारी भाजलेल्या पिठासारखे, संध्याकाळी पुन्हा लाजल्यासारखे. आत्या त्यांना नातेवाइकांची नावं देत सुटली होती. “तो बघ, बबडे, अगदी तुझे मोठे काका. जेवून उठलेत आणि विडा शोधतायत.”

या सुळक्यांच्या पोटात शेकडो वर्षं माणसं राहत आली होती. इथे घर बांधत नसत, कोरत. हवी तेवढी पोकळी काढायची की झाली खोली. पलंग, कोनाडे, बाकडी, सगळं त्याच एका दगडातून. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची — काढलेला दगड परत घालता येत नाही.

म्हणूनच तो दारातून आत आला तेव्हा त्याचा चेहरा एवढा उतरलेला होता. हातात झाडू, केसांत दगडाचं पीठ, आणि मागोमाग त्याचे मामा. मामा म्हणजे या भागातले जुने, नावाजलेले कोरणारे. ज्या अतिथिगृहात आत्या-भाची उतरल्या होत्या ते मामींचं, आणि त्यातली प्रत्येक खोली मामांच्या हातची.

मामांनी भोकात करंगळी घातली. फिरवली. काढली.

“पलीकडच्या कोठारात फळीसाठी खाच करत होतास ना?”

तो कोपऱ्यातली भुकटी झाडत राहिला. मामा त्याच्या डाव्या बाजूला उभे होते. त्यांनी जरा वर आवाज काढला, “अरे, तुला विचारतोय!” तेव्हा तो दचकून वळला. “हो मामा. लक्ष नव्हतं.”

“छिन्नी हातात असताना लक्ष नव्हतं,” मामा शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं, असा तो शांतपणा होता. मग तिच्याकडे वळून म्हणाले, “ताई, आमच्या धंद्यातली रीत अशी, की ज्याच्या खोलीत भोक पडलं त्याने सांगायचं, त्याचं काय करायचं. दगडाची गुडदी ठोकून बुजवायचं, की खिडकी करायची. खोली आज तुमची आहे. तुम्ही सांगाल तसं.”

“विचार करून सांगते,” ती म्हणाली. का म्हणाली, तिलाच कळलं नाही. ‘बुजवा’ हा साधा, सोपा, तीन अक्षरी शब्द होता.

“सावकाश सांगा.” जाता जाता मामा दारात थांबले. “आणि तू. मोठ्या दालनाचं नंतर बघू. आधी फळ्या नीट कर.”

झाडू जागच्या जागी थांबला. ‘मोठं दालन’ म्हणजे काय, हे तिला माहीत नव्हतं. पण तो शब्द त्याला कुठे लागला, ते मात्र दिसलं.

तिला आणखीही एक गोष्ट दिसली होती. शहरातल्या कानाच्या दवाखान्यात ती लोकांची श्रवणचाचणी घेत असे. काचेपलीकडे बसून ‘आवाज आला की बोट वर करा’ असं दिवसभर सांगायचं, आणि बोट कधी वर जात नाही ते बघायचं. अशा नोकरीत माणसाला सुट्टी असते, पण कानांना नसते. डावीकडून आलेलं वाक्य याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

‘असू दे,’ तिने स्वतःला बजावलं. ‘तू फिरायला आलीयेस.’

पण फिरायचं राहिलं बाजूला. रोज सकाळी कोठारात टकटक सुरू झाली, की आत्याचं आवरेपर्यंत ती आरशासमोर जरा जास्तच वेळ विंचरू लागली.

“आज इकडे येणार आहात का?” ती भोकातून विचारायची. “नाही, म्हणजे मी टेबल सरकवून ठेवते.”

“हसा, हसा. साऱ्या वस्तीत माझं नाव भोकपाड्या झालंय, माहितेय? मामी चहासुद्धा त्या नावाने देतात.”

“चहा मिळतोय ना? मग नाव चांगलंच आहे.”

“तुमचं काय जातं...” मग जरा थांबून, “केस मोकळे छान दिसतात.”

“तुम्ही भिंत कोरताय की आरसा बघताय?”

“भिंतच. पण भिंतीत आता थोडा आरसा आलाय, त्याला मी काय करू?”

तिने टेबल सरकवलं नाही. आरसाही हलवला नाही.

मोठ्या दालनाची गोष्ट तिला मामींकडून कळली. मागच्या तीन खोल्या एक करून पाहुण्यांसाठी मोठं जेवणघर कोरायचं होतं. मामांच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता. तेव्हा हे काम भाच्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर करायचं, असं ठरलं होतं. “पण वर अख्खा सुळका उभा,” मामी पीठ मळता मळता म्हणाल्या. “कुठे किती जाडी सोडायची, ते ठोकून आवाजावर ओळखायचं असतं. एक भिंत चुकली तर छत खाली. फळीची खाच करताना ज्याची छिन्नी आरपार जाते, त्याच्या हाती छत कसं देणार? हे परवा सुताराशी बोलत होते, दुसरा कोणी असेल तर बघ म्हणून. भाच्याला सांगू नका हं.”

आवाजावर ओळखायचं असतं! तिच्या हातातला कप तसाच राहिला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तो त्या दोघींना जमिनीखालची जुनी वस्ती दाखवायला घेऊन गेला. जुन्या काळी शत्रू आला की सगळे लोक गुराढोरांसकट या बोगद्यांत उतरत. एकाखाली एक मजले, पायऱ्या मधोमध झिजून ताटल्यांसारख्या झालेल्या, धुराने काळवंडलेली छतं. मजल्यांमधून बोटभर रुंदीच्या नळ्या आरपार कोरलेल्या होत्या. वरच्या पहारेकऱ्याने इथे तोंड लावून बोलायचं, खालच्याने कान लावून ऐकायचं.

“टेलिफोन,” आत्या म्हणाली. “आणि बिल नाही.”

“करून बघायचं?” त्याने तिला विचारलं. “तुम्ही वरच थांबा. मी खाली जातो.”

आत्या मामींनी सांगितलेलं जुनं दगडी जातं बघायला त्याच जिन्याने खाली गेली. ती एकटी वर. नळीशेजारच्या फटीतून वाकून पाहिलं तर खाली दिव्याच्या उजेडात तो दिसत होता, नळीला कान लावलेला. डावा कान. जुन्या सवयीने.

“ऐकू येतंय?” नळीला तोंड लावून ती नेहमीच्या आवाजात म्हणाली.

काहीच नाही.

“तुमच्या खांद्यावर विंचू आहे.”

तो उभाच. शांत, प्रसन्न, मंद हसत वाट बघणारा. विंचवाखाली असा हसणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

तर मग खरंच होतं. आणि त्याच क्षणी, समोरच्याला आपलं काही ऐकू जात नाहीये या सोयीच्या खात्रीने, तिच्या तोंडून दुसरं वाक्य निसटलं —

“आणि इथून परत जायचा विचार आला की माझ्या पोटात खड्डा पडतो. त्याला हे सुळके जबाबदार नाहीत... तुम्ही आहात.”

बोलून झालं आणि काळोखात एकटीच लाल झाली.

तो धापा टाकत वर आला. “काय म्हणालात? नळी बुजलीय वाटतं.”

“नळी नाही बुजलेली,” ती म्हणाली. मग तिने ती चूक केली जी तिच्या धंद्यातलीच माणसं करतात. समोर माणूस आहे हे विसरून ती कानाशी बोलली. “तुमचा डावा कान गेलाय. किती दिवस झाले? म्हणूनच भोक पडलं ना? दवाखान्यात का नाही दाखवलंत?”

त्याचं हसू दिवा विझावा तसं विझलं.

“म्हणजे हे सगळं... ते रोजचं बोलणं, चिडवणं... तुम्ही मला तपासत होतात?”

“नाही! अहो, तसं नाही—”

“माझे वडील चाळिशीत बहिरे झाले,” तो म्हणाला. “सगळ्यांत चांगला हात होता त्यांचा. हातोडा फळीवर ठेवला तो पुन्हा उचलला नाही. तेव्हापासून अंगणातल्या बाकावर बसून असतात, सगळ्या गोष्टींना मान डोलावत. मला कळतंय माझं काय होणार आहे. त्यासाठी मशीन नको.” जिन्याकडे वळला. “चला, आत्याबाई थांबल्या असतील.”

परतीच्या वाटेवर तो दोघींच्या पुढे दहा पावलं चालत होता. आत्या मात्र कोण जाणे कशाने, अतिशय खुशीत होती.

दुसऱ्या दिवशी कोठारात टकटक नव्हती. तिने उगीचच तीनदा केस विंचरले. भोकातून फक्त अर्धवट राहिलेली फळी दिसत होती. रागवायचा हक्क होता त्याला. पण म्हणून वेड्यासारखं वडिलांच्या त्या बाकाकडे डोळे लावून बसायचं? बघायचंही नाही, की खरंच तसंच आहे का?

तिने पर्स उघडली. बायका पर्समध्ये काय काय ठेवतात. हिच्या पर्समध्ये कानात बघायची छोटी बॅटरी आणि स्टीलचा दोन दांड्यांचा, आपटला की गुणगुणणारा ट्यूनिंग फोर्क असे. आत्याच्या मते हिचं लग्न न जमण्याचं तेच कारण होतं.

तो मागच्या खोल्यांच्या पायरीवर बसला होता. ती मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.

“माफी मागायला आलेय. कानाशी बोलले, तुमच्याशी बोलायला हवं होतं.”

त्याने पायरीवरची भुकटी हाताने झाडली.

“आता एक विनंती. एकदाच. नको म्हणालात तर ही मी उठले.”

“नको म्हटलं तर खरंच उठाल?”

“...नाही.”

त्याच्या ओठांचा कोपरा नको असताना हलला. तिने फोर्क गुडघ्यावर आपटला, त्याच्या कपाळावरची भुकटी बोटांनी हलकेच पुसली आणि थरथरत्या फोर्कचं बूड अगदी मधोमध टेकवलं. एवढ्या जवळून तिने त्याला भोकातूनही पाहिलं नव्हतं. पापण्या धुतल्यावर काळ्या होत्या तर...

“कुठल्या कानात वाजतंय?” तिने विचारलं.

“उजव्या...” तो थांबला. भुवया वर गेल्या. “नाही. डाव्या. डाव्यात जास्त! असं कसं?”

ती एकदम खळखळून हसली. “कारण आतली नस ठणठणीत आहे! गेलेल्या कानात हा आवाज येत नाही. बुजलेल्या कानात घुमतो. थांबा, हलू नका.” बॅटरी लावून तिने आत डोकावलं, मग डोकं तिरकं करून पुन्हा डोकावलं.

“काय आहे?” तो घाबरून म्हणाला. “सांगा ना.”

“सुळका,” ती म्हणाली. “टोपीसकट. अहो, आत मळ आणि दगडाचं पीठ मिळून असा काही गिलावा झालाय, की त्यात तुमचे मामा एक खोली कोरतील!”

तो तिच्याकडे बघतच राहिला. इतके महिने मनात जपलेली, वडिलांच्या बाकापर्यंत जाऊन बसलेली भीती — आणि ती म्हणजे मळ? त्याला हसावं की लाजावं कळेना. शेवटी त्याने दोन्ही केलं.

मळ लगेच निघणारा नव्हता. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ औषधाचे थेंब घालायचे होते. तेव्हा कुशीवर वळून तो पडे आणि ती बाटली धरून बसे. प्रेमकथेत चांदणं असतं, गुलाब असतात. इथे घमेलं होतं, कोमट पाणी होतं आणि सुई काढलेली पिचकारी. तिसऱ्या सकाळी तिने कान धुतला. घमेल्यात जे पडलं त्याचं वर्णन नको. मामींनी मात्र ते शेजारच्या दोघींना बोलावून दाखवलं.

तो तसाच बसून राहिला, मान तिरकी, डोळे मिटून.

“काय झालं? दुखलं?”

“तुमच्या बांगड्या,” तो हळूच म्हणाला. “त्यांना आवाज आहे होय?”

मग तो उठला, हातोडा घेतला आणि ओल्या कानानेच मागच्या खोल्यांत धावला. भिंतीवर ठोकत, कान तिरका करत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. “मामा! ही हातभर जाड आहे. इथे — इथे बारीक होते. वीतभर. आणि इथे आत जुनी खाच आहे, पोकळ बोलतेय!”

मामा काठी टेकत आले. त्यांनी तिथे तिथे ठोकून पाहिलं. बराच वेळ भिंतीला हात लावून उभे राहिले.

“सुताराला निरोप द्यायला हवा,” मामींना म्हणाले, “माणूस शोधू नको म्हणून.” मग तिच्याकडे वळून, जरा संकोचून, “ताई... बॅटरी जवळ आहे का? नाही, म्हणजे मलाही अलीकडे लोक पुटपुटल्यासारखेच वाटतात.”

मामांमागे सुतार आला, सुतारामागे गवंडी. संध्याकाळपर्यंत पायरीवर अर्धी वस्ती बसली होती, एकमेकांशी ओरडून बोलत. आणि रांगेच्या शेवटी, अंगणातला बाक सोडून आलेले, सगळ्या गोष्टींना मान डोलावणारे त्याचे वडील. त्यांच्या कानांत मळ नव्हता. पण त्यांना योग्य मशीन लागलं तर बरंच ऐकू येईल, असं तिने त्यांच्या समोर बसून, ओठ नीट हलवत सांगितलं. त्यांनी या खेपेला मान डोलावली नाही. तिचा हात धरला.

“आमच्या दवाखान्याचं फिरतं शिबिर असतं,” ती मामींना म्हणाली. “दर महिन्याला कुठे ना कुठे. इथे आणता येईल.”

“कोण येईल त्याबरोबर?” मामींनी पीठ मळतानाच्या निरागसपणे विचारलं.

“ते... ठरायचं आहे.”

निघायच्या सकाळी बॅगा भरून झाल्या. आत्या सुळक्यांचा निरोप घ्यायला बाहेर गेली, “काकांना सांगून येते,” म्हणून. ती आरशासमोर बसली. पलीकडे पावलं वाजली. भोकात डोळा आला.

“आमच्या रीतीचं राहिलंच,” डोळा म्हणाला. “भोकाचं काय करायचं ते तुम्ही अजून सांगितलं नाहीत.”

“सांगते की.”

“त्याआधी एक. तुमच्या आत्याबाई काल मला भेटल्या. म्हणाल्या, त्या दिवशी जात्यापर्यंत गेल्याच नव्हत्या. गुडघे दुखले, म्हणून खालीच माझ्यामागे बाकड्यावर बसल्या होत्या. त्याच नळीचं दुसरं तोंड तिथे आहे.”

तिच्या हातातला कंगवा थांबला.

“म्हणाल्या, ‘माझ्या भाचीने तुला विंचू दाखवला. मी उडीच मारणार होते, पण खांद्यावर काही दिसेना.’ बाकी काही सांगायला तयार नाहीत. फक्त म्हणाल्या, ‘विंचवाच्या पुढचं वाक्य तिलाच विचार.’” डोळा जरा जवळ आला. “तर... काय होतं विंचवाच्या पुढचं वाक्य?”

“हवामानाबद्दल होतं.”

“बरं.” डोळा गेला. भोकात आता कान होता. डावा, स्वच्छ, आणि शेंड्यापर्यंत लाल. “हवामान सांगा.”

तिने दाराकडे पाहिलं. बॅगांकडे पाहिलं. इथे काढलेलं परत घालता येत नाही, हे तिला आता पक्कं माहीत होतं. मग ती वाकली, आणि नेहमीच्याच आवाजात, एकही शब्द न गाळता, तिने ते वाक्य पुन्हा म्हटलं. पोटातल्या खड्ड्यासकट. ‘तुम्ही आहात’सकट.

भोकातला कान नाहीसा झाला.

“ऐकू आलं ना?” ती घाबरून म्हणाली.

“आलं,” तो म्हणाला. “पण खात्रीसाठी... दर महिन्याला तपासून जाल?”

“शिबिराबरोबर?”

“शिबिराबरोबर या, शिबिराशिवाय या. मधल्या दिवसांत मी येईन. तुमच्या शहरातल्या भिंती कशा बोलतात, बघायचंय मला.”

“पातळ आहेत. शेजारच्यांचं सगळं ऐकू येतं.”

“मग शेजारी चांगला हवा,” तो म्हणाला, आणि दोघं दोन बाजूंनी एकाच वेळी हसली. “आता सांगा. बुजवू, की खिडकी?”

तिने कंगवा पर्समध्ये टाकला, आरसा उचलून पलंगावर ठेवला आणि टेबल पार कोपऱ्यापर्यंत सरकवलं.

“दार करा,” ती म्हणाली.

अंगणातून आत्याचा आवाज आला, “मोठ्याने बोला गं! इथे बाहेर काही नीट ऐकू येत नाहीये!”

पलीकडे छिन्नीच्या मागच्या बाजूने हलकेच टक... टक... झालं. तो भिंत ऐकत होता.

“काय म्हणतेय?” तिने विचारलं.

“पातळ आहे,” तो म्हणाला. “फार दिवस टिकायची नाही.”